रिम विकत मिळते, चाक बांधावं लागतं



माझ्यासमोर टेबलावर दोन रिम आहेत. एक गंजलेली, क्रोम सोललेली, ५० वर्षांहून जुनी. दुसरी आरशासारखी चकचकीत, जेमतेम ६०० किलोमीटर चाललेली. यातली धोक्याची कोणती, असं विचारलं तर कोणीही गंजलेलीकडे बोट दाखवेल. पण मला आणि माझ्या पत्नीला घाटात पाडलं ते चकचकीत रिमच्या चाकानं. खरं सांगायचं तर रिमनंही नाही, माझ्या घाईनं.

जुन्या मोटारसायकलीला नवी चाकं निवडायची कशी, हा आजचा विषय. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, दिल्ली, जिथे जिथे आपली माणसं आहेत तिथे कोणाच्या तरी वाड्यात, गॅरेजमध्ये वडिलांची बुलेट, जावा नाहीतर राजदूत ताडपत्रीखाली उभी असते. कधीतरी नातवाला ती बाहेर काढावीशी वाटते. इंजिनावर सगळे जीव टाकतात, टाकीच्या रंगावर महिनाभर चर्चा होते. चाकांच्या बाबतीत मात्र म्हणतात, "बघू, नवीन टाकू." मीही तसंच म्हणालो होतो.

आमची गाडी १९६८ ची बुलेट ३५०. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातली. एन्फिल्ड इंडिया कंपनी १९५५ मध्ये मद्रासमध्ये उभी राहिली, त्यामुळे हे मॉडेल तोवर इथल्या रस्त्यांवर चांगलं रुळलं होतं. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, इंदूरला ओव्हरसियर होते. रस्त्यांच्या कामांवर फिरायला त्यांनी ही घेतली. मी निवृत्त होऊन महूला स्थायिक झालो तेव्हा ती माझ्याकडे आली. फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या खात्यात, माझी उभी नोकरी गेली. तेव्हा गाडीचं मला सगळं कळतं, असा माझा समज होता.

मागच्या रिमला गंज चढला होता. मी फोनवरून रिम मागवली. काय सांगितलं? "बुलेटची, १९ इंची, ४० भोकांची, क्रोम." समोरच्यानं मागितलं तेच पाठवलं. जवळच्या दुकानात ती जुन्या हबवर बांधून घेतली. बांधणारा म्हणाला, "साहेब, निपल जरा तिरकं बसतंय." मी म्हणालो, "ताण बसला की सरळ होईल." हे वाक्य मला अजून टोचतं.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं महेश्वरला निघालो. महूहून मंडलेश्वरकडे जाताना जाम गेट लागतं, अहिल्याबाई होळकरांच्या काळातलं. तिथून पुढे रस्ता वळणं घेत निमाडात उतरतो. उतारावर मागून आवाज आला, टण. मला वाटलं दगड उडाला. मग दुसरा टण. मग गाडीचं शेपूट हलायला लागलं. तुटलेली तार ट्यूबमध्ये घुसली, मागचं चाक बसलं आणि एका वळणावर आम्ही आडवे झालो. वेग कमी होता म्हणून निभावलं. मला खरचटलं. पत्नीचं मनगट मोडलं. रस्त्याच्या कडेला बसून तिनं एवढंच विचारलं, "तपासलं होतंस ना?"

पुढे दोन वर्षं गाडी ताडपत्रीखाली होती. विकायचं नक्की झालं होतं. तेव्हा बेंगळुरूहून मुलीचा फोन आला, "नानांची बुलेट विकू नका, मी चालवणार." आता स्वतःच्या मुलीला त्या गाडीवर बसवायचं, तर चाक म्हणजे काय हे मला पहिल्यापासून शिकावं लागणार होतं. ते शिकलो, आणि तेच तुम्हाला सांगतो.

आधी चाक काम कसं करतं ते बघू. बैलगाडीचं चाक आठवा. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले लाकडी आरे, भोवती लाकडाचा घेर आणि त्यावर लोखंडी धाव. लोहार धाव तापवून चढवतो, पाणी ओततो, ती आक्रसते आणि सगळं चाक आवळून धरते. तिथे गाडीचं वजन खालच्या आऱ्यांवर उभं असतं. लाकूड दाबाला टिकतं.

मोटारसायकलची तार उभी धरून दाबा. वाकेल. तिला दाब सोसत नाही, तिला फक्त ओढता येतं. म्हणून ४० तारा आधीच ताणून ठेवतात. ४० जण चहूबाजूंनी रस्सीखेच करतायत आणि हब मध्ये स्थिर आहे, असं समजा. चाक जमिनीवर टेकतं तेव्हा खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, त्या वर गेल्या की परत येतो. हे प्रत्येक फेऱ्याला घडतं. बुलेटचं चाक एका किलोमीटरला सुमारे ५०० फेरे घेतं. म्हणजे माझ्या चकचकीत रिमच्या ६०० किलोमीटरमध्ये प्रत्येक तारेनं तीन लाखांच्या आसपास वेळा हा झोका खाल्ला.

तार सरळ ओढली जात असेल तर ती हे वर्षानुवर्षं सोसते. तिरकी ओढली जात असेल तर निपलच्या तोंडाशी, जिथे आटे असतात, तिथे ती दर फेऱ्याला किंचित वाकते. आपण तार हातानं तोडताना काय करतो? पुढे-मागे वाकवतो. अगदी तेच. आणि सैल तार तर घट्ट तारेपेक्षा लवकर तुटते, कारण ती प्रत्येक फेऱ्यात पूर्ण सुटते आणि पुन्हा हिसका खाते. ती बहुधा हबजवळच्या वाकणावर तुटते. म्हणून तुटलेली तार फेकू नका, कुठे तुटली ते बघा. आट्यांशी तुटली तर रिमच्या भोकांचा कोन तपासा. हबपाशी तुटली तर ताण तपासा.

माझ्या तारा आट्यांशी तुटल्या होत्या.

जुन्या पद्धतीच्या रिमला प्रत्येक भोकापाशी एक खळगा असतो आणि भोक ठरावीक कोनात पाडलेलं असतं. तो कोन हबचा व्यास, हबची रुंदी आणि तारांची आखणी यांवरून ठरतो. दोन रिम १९ इंची असतील, दोन्हींना ४० भोकं असतील, तरी एक मोठ्या ड्रमच्या हबसाठी पाडलेली आणि दुसरी लहान हबसाठी, असं असू शकतं. दुकानात टांगलेल्या दोन्ही अगदी जुळ्या दिसतात. फरक कळतो तो तार ओवल्यावर. निपल तारेच्या रेषेत सरळ उभं राहिलं पाहिजे. तिरकं बसत असेल तर रिम परत करायची. ताणानं ते सरळ होत नाही, तार मोडते.

आता निवडीकडे येऊ. पहिला प्रश्न, जुनं ठेवायचं की बदलायचं? फौजेत दुरुस्तीला आलेल्या वस्तूची आधी तपासणी होते, मग पाना लागतो. दुरुस्ती परवडण्याच्या पलीकडे गेली असेल तर तिच्यावर बीईआर असा शेरा पडतो. त्या वस्तूशी तुमचं कितीही नातं असो, शेरा बदलत नाही. घरच्या गाडीला हाच नियम लावणं फार जड जातं. नानांनी हातानं पुसलेली रिम होती ती.

तरी तपासणी अशी करा. टायर, ट्यूब आणि आतली पट्टी काढा. गंज बाहेरून दिसतो त्यापेक्षा आत जास्त असतो, कारण पट्टीखाली ओल धरून राहते. घासून काढा आणि तीन जागा बघा: तारांच्या भोकांच्या कडा, टायरची कड बसते ती जागा आणि रिमचा सांधा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. पत्रा दबला, भोकाभोवती चीर दिसली किंवा खोल खड्डे असतील, तर शेरा मारा. वरवरचा गंज असेल आणि पत्रा भक्कम असेल, तर रिम वाचू शकते.

ती वाचली तर पुन्हा क्रोम करायचं का? करता येतं, पण क्रोमआधी पॉलिशवाला खड्डे घासून काढतो, म्हणजे धातूच काढतो. आधीच खाल्लेली रिम आणखी पातळ होते आणि वर चकाकी येते. ही चकाकी फसवी. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: जुन्या तारा हौसेनं क्रोम करू नका. मुलामा देताना कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि तार ठिसूळ होऊ शकते. प्रदर्शनात उभ्या गाडीला चालेल, रस्त्यावरच्या गाडीला नाही. तारा आणि निपल नवेच घ्या. त्यांचा खर्च एकूण खर्चात किरकोळ असतो.

बदलायचं ठरलं तर चार पर्याय समोर येतात.

पहिला, क्रोमची पोलादी रिम. मूळ गाडीला तीच होती. रूप तेच राहतं, खड्ड्यात आदळली तर वाकते, एकदम फुटत नाही. दोष एकच, गंज. कोकणात किंवा गोव्यात, समुद्राच्या हवेत, तो लवकर येतो.

दुसरा, स्टेनलेस रिम. गंजत नाही. झाक क्रोमपेक्षा किंचित मंद असते, जाणकाराला कळते. स्टेनलेसच्या तारा घेतल्या तर त्यांना निपलही स्टेनलेसचं नको. दोन्ही एकमेकांत घासून जाम होतात. पितळी निपलवर निकेलचा मुलामा असलेलं घ्या आणि आट्यांना वंगण लावा.

तिसरा, अॅल्युमिनियमची रिम. अॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. रिम हलकी होते आणि गाडी हाताला हलकी लागते. पण तिची जाडी आणि कडा वेगळ्या असतात, त्यामुळे जुन्या मापाच्या तारा चालत नाहीत. आणि साध्या घरगुती बुलेटचं मूळ रूप ते नव्हे.

चौथा, ओतीव अलॉय व्हील. नव्या गाड्यांना ती उत्तम, पंक्चर झालं तर ट्यूबलेस टायर सावकाश बसतो. पण जुन्या गाडीला ती लावताना आपण नुसती रिम बदलत नाही, हबही फेकतो. आणि हब म्हणजे ब्रेकचा ड्रम, बेअरिंग, मागच्या चाकात चेनचा हिसका झेलणारी रबरं. बुलेटचा तो रबरवाला मागचा हब ही या गाडीची जुनी खासियत आहे. माझं मत विचाराल तर जुन्या चाकाचा जीव हबमध्ये असतो. रिम, तारा, टायर, ट्यूब ही झिजायचीच. ती बदलल्यानं नानांची गाडी परकी होत नाही. हब फेकलात तर होते.

मी पहिला पर्याय घेतला. या वेळी फोनवरून नाही. दोन्ही हब पिशवीत घालून करोल बागेत गेलो. पुण्याच्या नाना पेठेत गेलात तरी हेच करा: हब बरोबर न्या आणि कागदावर ही मापं लिहून न्या.

एक, व्यास. १९ इंच हे माप टायरची कड बसते त्या जागेचं असतं. टेप बाहेरच्या कडेला लावून मोजलात तर फसाल. दोन, रुंदी. जुन्या रिमवर डब्ल्यूएम १, २ किंवा ३ असं कोरलेलं असतं. डब्ल्यूएम १ म्हणजे १.६० इंच, २ म्हणजे १.८५ आणि ३ म्हणजे २.१५. बुलेटला डब्ल्यूएम २ आणि ३.२५–१९ चा टायर. रुबाबासाठी जाडजूड टायर घेतला तर अरुंद रिमवर तो फुगतो आणि वळणावर गाडी जड जाते. तीन, भोकं किती आणि कोणत्या हबसाठी पाडलेली. चार, तारेची जाडी. १० गेज म्हणजे ३.२५ मिलिमीटर, ९ म्हणजे ३.६६, ८ म्हणजे ४.०६. आकडा लहान तशी तार जाड, हे उलटं गणित ध्यानात ठेवा. आणि चाळीसही तारा सारख्या असतील असं धरून चालू नका. ड्रमच्या बाजूची आणि पलीकडची यांची लांबी वेगळी असू शकते, आतून ओवायची आणि बाहेरून ओवायची यांचं वाकण वेगळं असू शकतं. प्रत्येक जातीची एक जुनी तार दोऱ्यानं बांधून, चिठ्ठी लावून ठेवा.

पाचवं माप बहुतेक सगळे विसरतात आणि ते फक्त जुनं चाक उघडण्याआधीच घेता येतं. रिम हबच्या बरोबर मध्यावर असतेच असं नाही. ड्रमच्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि पट्टीपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. हे ऑफसेट. ते चुकलं तर मागचं चाक पुढच्याच्या रेषेत राहत नाही आणि गाडी कायम एका बाजूला ओढते. मोजा, लिहा, मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मगच पहिली तार सोडा.

कायद्याबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल. मूळ मापाचंच चाक लावण्याचा हाही फायदा. २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींची विंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. गाडी मूळ रूपात असावी लागते, चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार चालत नाही. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा कारणांनाच येते. मुलीला गाडी चालवायची होती, म्हणून मी साधी नोंदणीच नूतनीकरण करून ठेवली.

आता बांधणी. चांगली रिम आणि चांगल्या तारा आणल्या म्हणजे चाक झालं असं नाही. इंदूरला एक वयस्कर कारागीर आहेत, सायकलींपासून चाकं बांधत आलेले. त्यांच्याकडे दोन दिवस स्टुलावर बसून राहिलो. त्यांनी आधी हबची बेअरिंग तपासली, कारण हब डुगडुगत असेल तर रिमचा आऊट काढणं व्यर्थ. मग सगळ्या तारा सैलच ओवल्या. मग फेऱ्याफेऱ्यानं, प्रत्येक निपलला सारखा अर्धा आटा देत ताण चढवला. एक तार एकदम आवळायची नाही. रिम वर-खाली किती उडते ते आधी काढलं, डावी-उजवीकडे किती जाते ते नंतर. दोन्ही एक मिलिमीटरच्या आत आणलं. शेवटी आत डोकावणारी तारांची टोकं कानशीनं घासून निपलच्या पातळीत आणली, नाहीतर तीच ट्यूबला टोचतात. वर नवी पट्टी, नवी ट्यूब, नवा टायर. टायरवर चार आकडे असतात ते वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. दुकानात पाच वर्षं पडून राहिलेला टायर नवा नसतो.

ताण बरोबर आहे हे त्यांनी मला कानानं दाखवलं. लहान पान्यानं प्रत्येक तारेवर टिचकी मारायची. एका बाजूच्या एका जातीच्या तारांचा सूर जवळपास सारखा हवा. सैल तार बद्द वाजते. आमच्या वर्कशॉपमध्ये एक हवालदार हेच करायचे. तेव्हा मी तरुण कॅप्टन होतो आणि मला ती जुनाट सवय वाटायची.

नव्या चाकाच्या तारा पहिल्या काही किलोमीटरमध्ये बसतात. म्हणून ५० किलोमीटरला पुन्हा वाजवून बघितल्या, मग ३०० ला. ३०० ला मागच्या चाकात तीन तारा सैल मिळाल्या. पाव-पाव आटा दिला. मग पुढचे १,००० किलोमीटर मी एकटा चालवली, जाम घाट दोनदा उतरलो. तारा गेल्या नाहीत.

मुलगी गाडी न्यायला आली त्या सकाळी मी टायरची हवा बघत होतो. पत्नी बाहेर आली. घाटानंतर तिनं या गाडीला हात लावला नव्हता. तिनं माझ्या हातातला पाना घेतला, खाली बसली आणि पुढच्या चाकाच्या चाळीस, मागच्या चाकाच्या चाळीस, अशा ऐंशीही तारा एकेक करून वाजवल्या. मागच्या चाकाशी थांबली. "ही जरा बद्द आहे." मला काही फरक ऐकू आला नाही. निपलला पाना लावला तर पाव आटा खरंच बसला.

ही गंजलेली रिम मी जपून ठेवली आहे, भिंतीवर. ही चकचकीत पुन्हा कोणाच्या गाडीला लागू नये म्हणून मध्ये करवतीनं कापली आहे. कापल्याची खूण इथे दिसतेय.

तुम्ही एवढंच करा. आज घरी गेल्यावर आपल्या गाडीच्या, जुनी असो की नवी, तारांवर लहान पान्यानं टिचकी मारा. दहा मिनिटं लागतात. कोणी सांगितलं की निपल तिरकं बसतंय, तर ऐका.